उद्याचा खण

नाही नाही, उघडतो. उघडतच नाही असं कुठं म्हणालो मी? तुमच्या दुकानातल्या त्या माणसानं फोनवर काय लिहून घेतलं देव जाणे. उघडतो, चांगला ऐसपैस उघडतो — आणि चार सेकंदांनी मिटतो. मोजलेत मी. एक, दोन, तीन, चार — खल्लास. मग ती पाटी येते, 'अडचण आल्यामुळे प्रोग्राम बंद होत आहे, क्षमस्व' — क्षमस्व म्हणे! तोंडदेखली क्षमा मागून मोकळं व्हायची खोड माणसांना होती, आता यंत्रांनाही लागली. बाकी कॉम्प्युटर ठणठणीत आहे हो, पत्ते खेळता येतात, बातम्या दिसतात, फक्त ईमेलपाशीच घोडं अडतं. बसा ना, उभ्या कशाला? तीच खुर्ची. ती उशी असू दे, पाठीला बरी पडते. — नाही, काही झालं नाही मला. तुम्ही अशा पाठमोऱ्या बसलात ना मॅडम, आणि वेणी पुढं घेतलीत, म्हणून जरा — जाऊ दे. खुर्ची बसण्यासाठीच असते. मी इथं स्टुलावर बरा आहे.

आधी काम काय ते नीट सांगतो, म्हणजे नंतर घोळ नको. मला हा प्रोग्राम दुरुस्त करून नकोय. हो, नकोय! हसा खुशाल. सोमवारी हा कॉम्प्युटर लायब्ररीत जाणार आहे, तिथली बाई टेम्पो घेऊन येणार आहे, मी शब्द देऊन बसलोय. पण यात एक पत्र अडकलंय. ते काय म्हणता तुम्ही — आउटबॉक्स — त्याच्यापुढं एकाचा आकडा आहे बघा, ते एक. ते बाहेर काढायचं. पाठवायचं नाही हं! पाठवायचं नाही, पुसायचं नाही, आणि वाचायचं तर मुळीच नाही. कागदावर छापायचं, घडी घालून माझ्या हातात द्यायचं, आणि मग आतून नाहीसं करायचं. न वाचता कसं छापणार ते तुम्ही बघा, तुमचं शिक्षण झालंय त्यातलं. मी एकतीस वर्षं पोस्टात सॉर्टिंगला होतो मॅडम — पाकिटाचा पत्ता वाचायचा आणि खणात टाकायचं, पत्ता वाचायचा आणि खणात टाकायचं — लाखो पत्रं गेली या बोटांमधून, पण एकाही पाकिटाच्या आत डोकावलो नाही. शपथेवर सांगतो. आत डोकावणारा माणूस वेगळा आणि मी वेगळा.

पत्र माझं नाही. आमच्या हिचं आहे. ही म्हणजे बायको — गेली ती. चार महिने झाले. नका, काही बोलू नका, सगळे तेच बोलतात आणि मग मला त्यांचं सांत्वन करावं लागतं. हा कॉम्प्युटर तिचाच. साठी उलटल्यावर खूळ घेतलं डोक्यात, लायब्ररीत वर्ग निघाला होता म्हाताऱ्यांसाठी, आठवड्यातून दोनदा वही घेऊन जायची, शाळेतल्या पोरीसारखी — वहीत काय लिहायची, तर 'उंदीर हातात धरावा, दाबू नये'. मी चेष्टा करायचो. म्हटलं, पोस्टातल्या माणसाच्या घरात राहून तुला ही थेरं कशाला हवीत, काय लिहायचं ते कागदावर लिही, मी टाकतो, इतकी वर्षं टाकत आलोय. तर म्हणाली — हसून म्हणाली हं, रागानं नाही — 'याला टपालवाला लागत नाही हो. थेट जातं.' एवढंच. मी तेव्हा चहा पीत होतो. अजून आठवतंय, अर्धा कप तसाच मोरीत ओतला मी.

सुरू कधी झालं हे? सांगतो ना. दुपारची वेळ होती, चारच्या आधीची. हिनं ते पत्र तीन दिवस खपून लिहिलं, एकेक अक्षर शोधत, आणि त्या दुपारी पाठवायचं बटण दाबलं, आणि तेवढ्यात वीज गेली. मग आली. तेव्हापासून हे असं. — काय? कुठला डबा? खालचा तो? हो, बॅटरी आहे त्यात. हो, वीज गेली तरी अर्धा तास चालतो कॉम्प्युटर, त्यासाठीच तर — हं. फार बारीक नजर आहे तुमची. पोस्टात असतात तर लवकर वर चढला असतात. किंवा अजिबात चढला नसतात.

बरं. नव्हती गेली वीज. गॅसवर दूध होतं, ही बटण दाबून ते बघायला उठली, आणि मी मागं हात घालून इंटरनेटची ती निळी वायर उपटली. झालं समाधान? मला वाटलं, पत्र कॉम्प्युटरमध्ये तसंच राहील, पोस्टाच्या पेटीत राहतं तसं, किल्ली लावून मागाहून काढून घेऊ. कागदाची अक्कल हो माझी! मला काय ठाऊक, हे अर्धं इकडं अर्धं तिकडं असतं म्हणून? पडदा गोठला, मी घाबरलो, ही यायच्या आत वायर परत खुपसून दिली आणि पेपर उघडून बसलो. मिनिटभरसुद्धा झालं नसेल सगळ्याला. ही आली, म्हणाली, अगंबाई, बंद पडलं वाटतं. परत उघडलं — चार सेकंद — बंद. परत उघडलं — बंद. म्हणाली, गेलं असेल का हो? मी म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं, मी टपालवाला.

अकरा दिवस. मग रोज उघडायची, दिवसातून चार-चार वेळा, आणि आकडा तसाच एक. म्हणायची, कुणाला तरी बोलवा ना दुरुस्तीला. मी म्हणायचो, उद्या. 'आज रविवार आहे, उद्या बघू.' 'आज माझे गुडघे दुखतायत, उद्या बघू.' तुमच्या दुकानाचा नंबर माझ्या खिशात होता मॅडम, अकरा दिवस खिशात होता, हा बघा, चिठ्ठीची घडी फाटलीय. बाराव्या दिवशी सकाळी ही भाजी चिरता चिरता खाली बसली, आणि हॉस्पिटलात नेईपर्यंत — डॉक्टर म्हणाले, काही कळलंही नसेल त्यांना. डॉक्टरांना काय जातंय म्हणायला. गाडीत माझा हात धरून काहीतरी विचारत होती. ओठ हलत होते. मला ऐकू आलं नाही. तरी ती काय विचारत होती ते मी ओळखलं, आणि म्हटलं, हो, आजच बोलावतो.

तुम्ही करा तुमचं काम, मी बोलतोय तिकडं लक्ष देऊ नका. एकट्या माणसाला श्रोता मिळाला की तो सोडत नाही. — काय विचारलंत? नंतर कोण उघडत होतं? मीच. रोज दहा वाजता. ताप आला होता तेव्हा दोन दिवस सोडून, रोज. अहो, तो उघडला ना, की चार सेकंद हिचं नाव येतं वर. फोटोही येतो, लायब्ररीतल्या वर्गात काढलेला, डोळे मिटलेत त्यात, पण हसतेय. आणि ते गोल चक्र फिरतं — कुणीतरी आत काहीतरी करतंय असं वाटतं हो. कुणीतरी जातंय, घाईत आहे, चपला शोधतंय. एक, दोन, तीन, चार. मग क्षमस्व. आज सकाळीही उघडलं होतं. म्हटलं, शेवटचं, दुपारी मॅडम येणार, मग नाही. भीती वाटते मला त्याची, खरं सांगतो. आणि भीती वाटली तरी दहा वाजले की हात जातोच.

का काढली वायर? हे विचाराल असं वाटलंच होतं. तुम्ही विचारलं नाहीत? मग मला कसं ऐकू आलं? — धाकटीला लिहिलं होतं ते पत्र. हिची धाकटी बहीण, माझी मेव्हणी. सव्वीस वर्षं दोघींचं बोलणं नाही. सव्वीस! हिनं कुठूनशी जुनी मैत्रीण गाठली आणि तिच्याकडून धाकटीचा ईमेल मिळवला. पत्र मी वाचलेलं नाही, सांगितलं ना, पण हिच्यामागून जाताना पहिली ओळ दिसली. पत्रावर नजर गेली की पहिली ओळ वाचून होतेच, बोटांना सवय, डोळ्यांना सवय. लिहिलं होतं, 'तू रागावून एकही पत्र पाठवलं नाहीस, मी मात्र दोन लिहिली, तरी आज मीच पुन्हा लिहिते आहे.' आता याला धाकटीचं उत्तर काय आलं असतं? सांगा ना, काय आलं असतं? तुम्ही हुशार आहात.

अहो, पाठवलं होतं तिनं! मला ठाऊक आहे, कारण मीच — हे बघा, पोस्टात आमच्या टेबलाला बेचाळीस खण होते. बेचाळीसावा खण कुठल्याच गावाचा नव्हता. पत्ता लागत नाही, अक्षर कळत नाही, पाऊस लागून शाई पसरलीय, असं पत्र त्यात टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी बघायचं. उद्याचा खण म्हणायचो आम्ही त्याला. चोरी नाही हो ती, कामाची रीत आहे. एके दिवशी धाकटीचं अक्षर आलं हातात. आमच्याच घरचा पत्ता. स्वच्छ, टपोरा, शंकेला जागाच नाही. आणि मी ते उद्याच्या खणात टाकलं.

कारण त्याआधी ही दोन महिने धाकटीकडं जाऊन राहिली होती. मी अबोला धरला होता — चार महिने. कशावरून ते विचारू नका, मलाही आठवत नाही, आणि आठवत नाही हीच खरी शरमेची गोष्ट. चार महिने एका घरात राहून, एका ताटलीतली पोळी खाऊन, एक शब्द नाही. ही बोलायची, मी भिंतीकडं बघायचो. मारहाण नाही, शिवीगाळ नाही, लोक म्हणायचे किती शांत माणूस. मग एक दिवस ही पिशवी भरून बहिणीकडं गेली. दोन महिन्यांनी आपणहून परत आली, कशी आली, का आली, मी विचारलं नाही, पण बोलायला लागलो. बोलायला लागलो हं मी! आणि पंधरा दिवसांत ते पत्र. मला वाटलं, परत ये म्हणून लिहिलं असणार. वाटलं, हिनं वाचलं तर जाईल, आणि या खेपेला येणार नाही. म्हटलं आज नको, उद्या देऊ. फक्त उद्या.

एकच होतं. म्हणजे — तीन. तीन आली तिची. आणि हिची दोन. हो, हिचीही, घरचं टपाल माझ्याच पिशवीतून जायचं ना, ही विश्वासानं हातात द्यायची, वर तिकीट नीट लावून. पाच झाली. त्या कपाटावर बिस्किटांचा डबा दिसतोय ना पत्र्याचा, त्यात आहेत. एकही फोडलेलं नाही! पाचही चिकटलेली, जशीच्या तशी, पाहिजे तर बघा. मी काही — मी पत्रं फोडणाऱ्यातला माणूस नाही. पुढं त्यांची आई गेली, तरी दोघी समोरासमोर उभ्या राहून एकमेकींशी बोलल्या नाहीत. ही म्हणायची, तिनं मला टाकलं. तिकडं तीही तेच म्हणत असणार. आणि मी मध्ये उभा, पाणी देत होतो लोकांना.

हिला ठाऊक असेल का हो? 'याला टपालवाला लागत नाही' म्हणाली, ते ठाऊक असून म्हणाली की सहज? रात्रंदिवस हेच चाललंय डोक्यात. सहज म्हणाली असेल तर मी मेल्यासारखा, आणि ठाऊक असून सव्वीस वर्षं माझ्या ताटात वाढत राहिली असेल तर —

काय झालं? झालं का? काढलंत बाहेर? वेगळ्या खणात ठेवलंत, बरं. मग आता ते सरसर काय चाललंय? ते आकडे का वाढतायत? मॅडम, मघाशी काढलेली ती निळी वायर तुम्ही परत लावलीत? तपासायला? कशाला तपासायचं, मी म्हटलं होतं ना — थांबा. थांबा जरा. वर सरकवा. हे नाव. हे धाकटीचं नाव आहे. ही सगळी पत्रं आमच्या हिला आलेली आहेत? कशी येतील? ती कशाला लिहील, आमचं पत्र तर गेलंच नाही ना! आउटबॉक्समध्ये होतं ना, एक म्हणून? तुम्ही आत्ता बघितलंत ना आपल्या डोळ्यांनी?

हळू सांगा. मला माझ्या भाषेत सांगा. — म्हणजे पत्र जात होतं. पूर्ण जात होतं. गेल्यावर 'पाठवलेल्या' वहीत नोंद करायला जायचा, ती वही मी वायर उपटली तेव्हाच फाटली, म्हणून तिथं ठेचकाळून पडायचा. नोंद नाही म्हणून पत्र परत थैलीत. आणि पडल्यामुळं आलेलं टपाल आत घ्यायची पाळीच यायची नाही. म्हणजे दर खेपेला. दर खेपेला उघडला की — ही अकरा दिवस उघडत होती तेव्हाही? आणि मी रोज दहा वाजता —

वाचून दाखवू नका. नुसती वरची ओळ दिसतेय ती पुरे. पहिलं कधीचं आहे? त्याच दुपारचं? किती वाजता? चार वाजून दहा. दूध उतू गेलं होतं त्या दिवशी, ही ओटा पुसत होती. 'ताई, माझी तीन पत्रं तुला मिळाली नाहीत?' त्याच दुपारी, मॅडम. त्याच दुपारी उत्तर येऊन पडलं होतं, दाराबाहेर, आणि ही अकरा दिवस त्या उशीला टेकून, तुम्ही बसलाय तिथं बसून, मला विचारत होती, गेलं असेल का हो. मी एक फोन करायचा होता. चिठ्ठी खिशात होती.

पुढचं. 'ताई, तेच पत्र पुन्हा आलं.' पुढचं. 'ताई, तू बरी आहेस ना?' 'ताई, रोज तेच का पाठवतेस?' 'ताई, काहीतरी बोल गं.' — तिला कुणी कळवलं नाही. मी कळवायला हवं होतं. लोकांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, कळवलंय, लांब असते, नाही जमलं यायला. म्हणजे ही गेल्यावर चार महिने, रोज दहा वाजता, तिकडं पत्र जात होतं. गेलेल्या बाईचं. एकच पत्र, शब्दाला शब्द तेच. आणि बघा, इथून पुढं ती विचारायची थांबलीय. 'ताई, आलं आजचं.' 'ताई, आलं आजचं.' 'आज दहाला आलं नाही, जीव नुसता टांगणीला लागला.' — तो माझ्या तापाचा दिवस. 'ताई, आलं.'

मॅडम, एक विनंती करतो, नाही म्हणू नका. हे परत बिघडवून द्या. होतं तसं. ती फाटकी वही परत आत ठेवा, पत्र परत आउटबॉक्समध्ये. लायब्ररीवालीला मी सांगतो, कॉम्प्युटर देत नाही म्हणून. उद्या दहा वाजता मी उघडीन, चार सेकंद ही येईल, तिकडं पत्र पोचेल, ती म्हणेल, आलं ताईचं. कुणाचं काय बिघडतंय यात? तिच्या घरात ताई जिवंत आहे हो! माझ्या घरात चार सेकंद, तिच्या घरात अख्खी. ती मी मारायची का? माझ्या हातानं लिहून? मला येतं ते एवढंच, पत्र थांबवायचं किंवा पाठवायचं, लिहायला मी कधी शिकलो नाही. अशा बघू नका माझ्याकडं. बोट कुठं दाखवताय? सगळ्यात वरचं? आजचं आहे ते, सकाळी दहा वीस. 'ताई, आता मात्र मी निघाले. उद्या सकाळी पोचते. पत्ता तोच ना?'

उद्या.

तोच आहे पत्ता. स्वच्छ, टपोरा.

असं करा — ते छापायचं राहू दे. ते जिचं तिनं वाचलंय, दीडशे वेळा वाचलंय. कपाटावरून तो डबा तेवढा काढून द्या मला, माझा हात पोचत नाही आताशा. सांभाळून, झाकण सैल आहे. हं. इथं ठेवा, कीबोर्डच्या शेजारी, दारातून आल्या आल्या दिसेल असा. नाही, चुकलो — ठेवू नका, माझ्याकडं द्या, मीच देईन हातात. कॉम्प्युटर? चालू राहू दे. या आता तुम्ही. दार नुसतं लोटून घ्या. आणि उठा त्या खुर्चीवरून मॅडम, मला तिथं बसायचंय.